मॅडमचा फळा

आजवर हे माझ्या तोंडून निघालेलं नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, पण मधे बोलू नका. मधे कुणी बोललं की माझं टाळकं सरकतं. आणि हे सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

मी वऱ्हाडातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवते. परिपाठाच्या वेळी शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार असतो. त्याखाली इंग्रजी शब्दांची जोडी लिहायची पद्धत मी पाडली. पोरं हमखास घोटाळा करतात असे शब्द. कुक म्हणजे स्वयंपाकी, कुकर म्हणजे भांडं — असं. जाता-येता लोकही वाचायचे. "मॅडमचा फळा" असंच नाव पडलं. मला ते फार आवडायचं, कशाला खोटं बोलू?

त्या दिवशी पालकसभा सकाळीच होती, म्हणून परिपाठाला पालकही बसलेले. मी लिहिलं — बॉरो, उसनं देणे. लेंड, उसनं घेणे. उलटं. घाईत लिहिलं, झालं. चूक कुणाच्या हातून होत नाही?

सातवीतल्या वैशालीनं हात वर केला. बबनरावांची पोरगी — गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे. हुशार होती, आणि विचारायची भारी खोड. मोठी होऊन मास्तरीण होणार, असं गावभर सांगत फिरायची.

"मॅडम, ते उलटं झालं. शेजारीण इळा मांगाले येते, ते बॉरो. माही माय देते, ते लेंड."

मी फळ्याकडे पाहिलं. आणि मला कळलं — तिथंच, त्याच क्षणी कळलं. नंतर नाही, घरी जाऊन नाही. हेच तर मी वीसेक वर्षं लपवलं. हातात डस्टर होतं. दोन शब्द पुसायचे, बस्स. पुसले का? नाही. पालक बघत होते ना!

मी हसून म्हटलं, "बरं, मॅडमचं बरोबर वाटतं त्यांनी हात वर करा."

सगळ्या शाळेचे हात वर. ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं त्या पालकांचेसुद्धा — मॅडमचा मान कोण मोडणार? बबनरावांनीही केला, पोरीकडे न बघता. मग ते उठले आणि तिचा दंड धरून तिला माझ्यापुढे घेऊन आले.

"काहून तोंड चालवून राह्यली वं मॅडमपुढं? पाया पड त्यायच्या."

ती वाकली. मी पाय मागे घेतले असते तरी चाललं असतं, काही न बोलता. घेतले नाहीत. उलट तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "शहाणी हो."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी जोडी. वैशालीचा हात मात्र पुन्हा वर झाला नाही. इंग्रजीत कशीबशी काठावर पास होत गेली. मास्तरीण होण्याचं बोलणं बंद झालं. दहावीनंतर गावातच लग्न झालं तिचं. हे माझ्यामुळे, असं म्हणावं का? म्हणावं. मी म्हणते.

आणि बबनराव! मी त्यांच्या पोरीला वळण लावलं म्हणून ते मला देवासारखं मानतात. बाजाराच्या दिवशी वांगी, मेथी, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी घरी येते — अजूनही. नको म्हणावं, तर कारण सांगावं लागेल. म्हणून घेते. "बबनरावाच्या वांग्याची बातच न्यारी," म्हणत नवरा मिटक्या मारतो. मीही तीच वांगी गिळते. दुसरं काय करणार?

मॅडमचं कधी चुकत नाही, असं गाव म्हणतं. आता प्रत्येक शब्द लिहिण्याआधी मी डिक्शनरी उघडते — येत असलेला शब्दसुद्धा. कुकरसुद्धा दोनदा तपासून लिहिते हो! चुकायची सोयच मी माझ्या हातानं संपवली.

गेल्या आठवड्यात परिपाठाला वैशाली तिच्या मुलीला घेऊन आली. पोर पहिलीत, शाळेचा पहिलाच दिवस. आईचं बोट धरून फळ्याकडे टकामका बघत होती. आणि तिनं हात वर केला. काय विचारायचं होतं, देव जाणे. फळ्यावरचं त्या दिवशी बरोबर होतं.

वैशालीनं झटकन तो हात खाली ओढला.

"मॅडमले काही इचारू नाही, बेटा. पाया पड त्यायच्या."

वैशाली माझ्याकडे बघून हसली. तिला आठवत होतं की नव्हतं — मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.

पोर वाकली. माझे पाय जागचे हलले नाहीत.

"शहाणी हो," मी म्हणाले.