कोरड्या कापसातली ओल

कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला, की आत एक ऊब लागते; दिवसभराचं ऊन कुणी जपून ठेवावं तशी. तंतू बोटांभोवती गुंततात, सरकी टोचते, आणि हात बाहेर काढावासाच वाटत नाही. आमच्या दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात या उन्हाळ्यात माझं कामच हे होतं: आलेल्या बैलबंडीत हात घालायचा आणि कापूस कोरडा की ओला, ते सांगायचं. काट्यावरचे दिवाणजी त्यावरून वजनात घट लावत. मनाने पाण्यावर राहणारी मी, दिवसभर कोरडेपणा चाचपत होते.

पाण्यावर म्हणजे खरोखरच पाण्यावर. नाशिकला शिकायला गेले आणि नौकानयनात पडले. दोघींची नाव, पुढे बसलेल्या माझ्या जोडीदार रेखाच्या पाठीकडे बघत, तिच्या श्वासात श्वास मिळवत मी वल्हं ओढायची. हिवाळ्यातल्या स्पर्धा संपल्या की वसतिगृह रिकामं होतं आणि खेळाडूला घर आठवतं, कारण घरी जेवण फुकट असतं. पुढच्या निवडीआधी शिबिर. त्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. तोवर अंगही टिकवायचं आणि कमवायचंही! सकाळी मी धरणाच्या भिंतीवर धावायची. कामावरून आले की विहिरीच्या गडगडीवर दोर टाकून सरकीचं पोतं ओढायची, खाली बसून, मागे झुकत, वल्हं ओढावं तसं. शेजारची काकू हसायची, "काहून व पोरी, विहिरीले पाणी नाही त् पोतं काढून राह्यली का?"

तरी एक गोष्ट मला टिकवता आली नाही. तळहातावरचे घट्टे. बोटांच्या मुळाशी वल्ह्याने दिलेली ती कातडी एकेक करून सुटून आली. जेवताना, चालताना मी अंगठ्याने ती रिकामी जागा चाचपत राहायची. पाणी माणसाला सोडून जातं ते असं, हातावरून? पण मऊ झालेल्या त्या हाताला कापूस मात्र कळू लागला. जाड कातडीला जे समजत नव्हतं, ते आता बोट लावताच समजे.

यंदा भाव वाढेल या आशेवर लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. खोलीत कापूस, अंगणात माणसं. ऊन तापल्यावर तो अखेर बाहेर निघू लागला, आणि अशीच एक बंडी घेऊन बोरी अरब गावाकडची एक बाई आली. मी हात घातला. दिवाणजींनी मान वर न करताच फर्मावलं, "ओल हाय म्हन."

"कोरडा आहे."

"तुले पान्याचं लय समजते ना? मंग म्हन ओल!"

"समजते, म्हणूनच सांगते. यात पाणी नाही."

बाई बंडीवरूनच म्हणाली, "दिवाणजी, महिनाभर याच कापसावर निजली मी. ओल असती त् मले नसती का लागली?"

हमाल खो खो हसले. बंडी घट न लावता तोलली गेली. मला उद्यापासून येऊ नकोस असं सांगितलं गेलं.

माझे बाबा आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटत आले. त्यांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. 'आंबा'आधी 'अन्याय' हा शब्द मला लिहिता येत होता. आई चुलीपाशी म्हणाली, "आता बोटीत बसाले पैसे कोन देईन? तुह्या बाबाचे पत्रकं?"

"पोरीनं पत्रकातलं खरं केलं, अन् तू रागावून राह्यली," बाबा म्हणाले.

"रागावून नाही. इचार करून राह्यली."

तिचा विचार खोटा नव्हता. पण ज्या मुलखात पाण्यासाठी डोळे आभाळाला लागतात, तिथल्या ठणठणीत कापसात पाणी दाखवायचं, आणि तेही मी? वल्ह्याला मग कोणत्या हाताने शिवले असते?

आता मी गावाबाहेर तलावाच्या खोदकामावर जाते. मजुरी हाती येईल तेव्हा येईल. रेखाचा निरोप आहे: शिबिर सुरू होईपर्यंत जागा राखते, पुढे दुसरी बसेल. मी पोहोचेन का? खरंच माहीत नाही. फावड्याने घट्टे परत दिलेत, पण वल्ह्याच्या जागी नव्हे, तळहाताच्या मधोमध. मी ते अंगठ्याने चाचपते आणि मनात थोडे वर सरकवते.

काल खणताना माती काळसर लागली. सगळ्याजणी सावलीला गेल्या, तेव्हा मी वाकून त्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. गार होतं. रेखाची पाठ डोळ्यांसमोर आली, वल्ह्यावरून मनगटावर उतरणारा पहिला थेंब आठवला. मूठ वर काढून उघडली. माती सुटून पडली नाही, हाताला धरून राहिली.

"ओल हाय," मी मोठ्याने म्हटलं.

त्यावर कुणी घट लावली नाही.