चार महिन्यांचं कपाळ

बायकांच्या चेहऱ्याविषयी मी लिहावं, हे माझं मलाच पटत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. ही गोष्ट घडली तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि लिहिण्याची सवय प्रॅक्टिकलच्या जर्नलपुरती. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही कोपरखैरण्यात राहायचो. वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर बारा वर्षं आईने मार्केटात कांदा निवडला, उन्हाकडे तोंड करून, डोळे बारीक करून. त्यात तिच्या भुवयांमध्ये दोन उभ्या आठ्या कायमच्या बसल्या. ती हसत असली तरी रागावल्यासारखी दिसायची. झोपेतसुद्धा.

पुढे तिला वाशीत एका त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे झाडलोटीचं काम मिळालं. दादाला मुली बघणं चालू होतं. मामा साताऱ्याकडची स्थळं आणायचा. घर बघायला माणसं येत, चहा पिऊन जात आणि नकार कळवत. असं दोनदा झालं. मामा म्हणाला, "अक्का, पोराला नाव ठेवायला जागा न्हाई. मला वाटतं लोकं सासूचं कपाळ बघत्यात."

दुसऱ्या दिवशी आईने डॉक्टरबाईंना आठ्यांवरच्या उपायाचं भीत भीत विचारलं. त्यांनी दोन औषधांची दोन इंग्रजी पत्रकं दिली. "मावशी, मुलाकडून नीट वाचून घ्या. घाई नाही," म्हणाल्या. दुसऱ्या औषधाची बाटली एकदा पाण्यात कालवली की ठेवता येत नाही. ते घेणारा पेशंट येईल त्या दिवशी उरलेलं आईला फुकट मिळणार होतं.

दुपारी स्वयंपाकघरात मी डिक्शनरी घेऊन बसलो. खाडीवरच्या वाऱ्याने पडदा फुगत होता, खाली बसत होता. पत्रकावर एका बाईचा चेहरा होता, अर्धा सुरकुतलेला, अर्धा गुळगुळीत. आई पोथी ऐकायला बसावी तशी मांडी घालून बसली.

"हे पहिलं भरायचं. रेघेखाली टोचून भरतात. आधी हातावर टोचून महिनाभर बघतात, सोसतं का ते."

"कशाचं असतं?"

ते पत्रकात लिहिलेलं होतं. मला ती ओळ गाळता आली असती. "गाईच्या कातड्यातून काढतात," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. वसुबारसेला जिला ओवाळते, तिचं कातडं कपाळात घालून फिरू? दुसरं सांग."

"दुसरं विष आहे. अगदी थोडं. त्याने तिथला स्नायू झोपतो, मग आठी पडत नाही."

दारात तंबाखू मळत उभा असलेला दादा म्हणाला, "इष? ते इकत कशाला आनायचं? आईच्या जिभंवर लागंल तेवढं हाय."

"थांब, तुजी बायको येऊ दे. मग तुला दावते," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "किती दिस टिकतं?"

"तीन-चार महिने."

तिने बोटांवर महिने मोजले. नव्या स्थळाचे पाहुणे माघात येणार होते, जमलं तर लग्न वैशाखात. "म्हंजी सून घरात आली की आठी परत. तू शिकलायस. तू सांग, ही फसवनूक हाय का?"

माझ्या कुठल्याच पुस्तकात हे नव्हतं. "मला नाही माहीत, आई," एवढंच मला म्हणता आलं. त्याची लाज मला अजून वाटते. तिने मान हलवली. "दादाचं वय चाललंय. दुसरं घेते."

सुई घेतल्यावर आठवड्याभरात तिचं कपाळ शांत झालं. भरती आली की खाडीच्या चिखलावरच्या रेघा पाण्याखाली जातात, तसं. अभ्यास करताना मी मान वर करायचो आणि चूल, भांडी, खिडकी सगळी दुसऱ्या कुणाच्या घरातली वाटायची. मी जन्मायच्या आधी ती अशीच दिसत असेल, असं वाटून मी बघत राहायचो. ती आरशापुढे उभी राहून आठी घालायचा प्रयत्न करायची. आठी पडायची नाही, आणि तिलाच हसू यायचं. मात्र ती खरंच कधी रागावली आहे, हे मला कळेनासं झालं.

पाहुणे आले. मुलीचे आईवडील, आणि त्यांना घेऊन आमचा मामा. पोहे झाले, चहा झाला. बोलणं रंगात आलं असताना आई म्हणाली, "एक सांगायचं हाय. हे कपाळ माजं न्हवं. सुई मारून घेतलंय. वैशाखापातूर आठ्या परत येतील. मी रागीट न्हाई, पन दिसते तशी. पोरीला हे सांगा, आनि मगच कळवा."

मामाला खोकला आला. मुलीच्या आईने पुढे वाकून आईचं कपाळ निरखलं. मग तिने विचारलं, "दुखलं का वो?"

"मुंगी चावल्यागत."

नमस्कार करून ती माणसं गेली.

त्यानंतर तीन आठवडे काहीच कळलं नाही. दादा आईशी तुटक बोलायचा. मी पुस्तक उघडं ठेवून खिडकीत बसायचो. आई भांडी घासायची, आणि तिच्या कपाळावरून तिच्या मनातलं काहीच समजायचं नाही. मग एका दुपारी खालच्या दुकानदाराने फोन आला म्हणून हाक मारली. मी धावत गेलो. पलीकडे मामा होता.

"अक्काला सांग, होकार हाय. कपाळाचं कुनी नावबी काढलं न्हाई. पोरगा तंबाखू मळतो ती सोडनार का, एवढंच पोरगी इचारतीया. आदीच्या दोनी ठिकानी त्येच आडलं हुतं, मला आज कळालं."