कोकरू नीट धर

"कोकरू नीट धर," सर म्हणाले. "बक्षिसाचं नंतर बघू."

मी स्टेजच्या पडद्यामागे उभी होते. अंगावर चुलतीचं हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हनुवटीवर एका मॅडमनी पेनाने गोंदण काढून दिलेलं. हातात कोकरू. आणि माईकवरून आवाज आला, "इयत्ता आठवी, प्रथम क्रमांक..." पुढे माझं नाव. पूर्ण नाव. बापाचं, आडनावाचं.

मी एक पाऊल पुढे टाकलं. सरांनी दंड धरला.

"पाहुण्यांचा फोटो राहिलाय. कोकरू खाली ठेवलंस तर पळेल. थांब इथंच."

मग त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या ऋतुजाला खूण केली. तिचा दुसरा नंबर होता. "तिचंही तूच घे." ती गेली. दोन ढाली घेऊन आली. खाली बसलेल्या सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. माझे हात अडकलेले होते. मला स्वतःसाठी टाळीसुद्धा वाजवता आली नाही.

आमच्या शाळेची रीत अशी, की वार्षिक परीक्षेत पहिला आलेल्याला ढाल मिळते ती पुढच्या वर्षी, सत्र संपताना, फेब्रुवारीत. त्याच दिवशी दहावीचा निरोप समारंभ. मोठा पाहुणा येतो, मांडव पडतो, जिलेबी होते. म्हणजे आठवीचं बक्षीस मी नववीत घेणार होते. वर्षभर वाट बघितली होती त्याची. शाळेचं नाव सांगत नाही. जुन्नर तालुक्यातली आहे, हायवेपासून लांब नाही, एवढं पुरे.

आम्ही धनगर. भावकीतल्या पुष्कळांनी मेंढरं विकून शेती धरली. अवसरी बुद्रुकचे माझे मामा तर आता कांदा-बटाटाच करतात. माझ्या बापाने मेंढरं सोडली नाहीत. त्याला आम्ही दादा म्हणतो. ऊस तुटला, कांदा निघाला की बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं आणि मेंढराला चारा-पाणी. आमची मेंढरं बसायची नानांच्या रानात. नाना म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. ऋतुजाचे आजोबा. रानाला तारेचं कुंपण, वर दिवा, बोअरला पाणी. आमच्याकडे बिबट्या कुत्र्यासारखा फिरतो, त्यामुळे तारेचं कुंपण म्हणजे काय ते ज्याची मेंढरं आहेत त्यालाच कळतं.

तर त्या वर्षी सर वर्गात आले आणि म्हणाले, पाहुण्यांचं स्वागत या वेळी आपल्या मातीतलं करू. घोंगडी, काठी आणि कोकरू. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. उड्या मारत घरी गेले. कोकराला शाम्पूने अंघोळ घातली. दादांनी आपलं नवं घोंगडं काढून दिलं. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीचं, विणकऱ्याकडे खेटे घालून विणून घेतलेलं. आईने त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची खूण घातली होती. "पाव्हण्यांच्या खांद्यावर बसंल आपलं घोंगडं," दादा म्हणाले, आणि ती थंडी जुन्या फाटक्यावर काढली.

बक्षिसं संपली तेव्हा मला पुढे बोलावलं. पाहुण्यांच्या खांद्यावर घोंगडं टाकलं, हातात काठी दिली. फोटोवाला म्हणाला, साहेब, कोकरू घ्या जरा. पाहुणे मागे सरकले.

"चावत नाही ना?"

सर म्हणाले, "कोकरू नाही चावत साहेब. पोरीचं सांगता येत नाही."

सगळे हसले. नाना हसले, मुख्याध्यापक हसले, पहिल्या रांगेतले पालक हसले. मीही हसले. हे सांगताना आजही माझी मला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू? हसले मी. तेवढ्यात कोकरू माझ्या अंगावर मुतलं, मग तर हसणं थांबेचना.

ढाल दुसऱ्या दिवशी ऋतुजाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणून दिली. "आजोबांनी चुकून आमच्या शोकेसमध्ये ठेवली होती," म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. ढालीवर माझं नाव बरोबर होतं. पण ती मला कुणी दिली नव्हती. पिशवीतून वांगी यावीत तशी आली होती.

महिन्याभराने ऑफिसात फोटो लागला. काचेच्या फ्रेममध्ये, क्लार्कच्या खुर्चीच्या वर. खाली छापलेलं, 'प्रमुख पाहुण्यांचे पारंपरिक धनगरी स्वागत. डावीकडून' आणि पुढे चार पुरुषांची नावं. फोटोत माणसं पाच. पाचवी मी, डावीकडून दुसरी, कोकरू धरून. नावं मोजत गेलं तर माझ्या तोंडावर मुख्याध्यापकांचं नाव येतं. पोरं मला काही दिवस हेडमास्तर म्हणायची.

दादा स्कॉलरशिपच्या फॉर्मवर अंगठा द्यायला ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी तो बघितला. टोपी काढून उभे राहिले म्हणे. मग नारायणगावच्या बाजारात, अवसरीच्या लग्नात, जिथे जातील तिथे एकच. "पोरीचा फोटू हापिसात लागलाय." त्यांना वाचता येत नाही. मी काय सांगणार होते? फोटोखाली आपलं नाव नाही हे सांगायचं, की सर स्टेजवर काय म्हणाले ते सांगायचं? आणि सांगून ते कुणाकडे जाणार होते? रान नानांचं, पाणी नानांचं, शाळाही नानांचीच म्हणायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी वर्षभर त्या फोटोखालून मान खाली घालून गेले आणि अभ्यास केला. नववीतही पहिली आले.

दहावीचा फेब्रुवारी आला. आमचाच निरोप समारंभ. सर वर्गात आले, माझ्याकडे बोट केलं.

"यंदाही तूच. कोकरू पांढरं आण. मागचं काळपट होतं, फोटोत उठून दिसलं नाही. घोंगडं आणू नकोस, आहे आपल्याकडे. स्टोअररूममधून काढून ठेव."

मी स्टोअररूममध्ये गेले. लेझमीचा ढीग, फुटकी बाकं, व्हॉलीबॉलची जाळी. जाळीखाली घोंगडं. खडूच्या धुळीने पांढरं पडलेलं. एक बाजू उंदरांनी खाल्लेली. मी ओढून काढलं, उलटं केलं. कोपऱ्यात लाल दोरा.

पाहुण्यांनी ते गाडीपर्यंतसुद्धा नेलं नव्हतं.

मी तिथेच खाली बसले. रडले नाही. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा इतका राग आला, की कानात आवाज यायला लागला. माझा बाप एक थंडी फाटक्यात कुडकुडला ती या व्हॉलीबॉलच्या जाळीखाली? आम्ही कोण यांचे? लेझमीसारखे, वर्षातून एकदा काढायचे, झटकायचे, वाजवायचे आणि परत ढिगात टाकायचे? मागच्या वर्षी मी शाम्पू लावला होता कोकराला. कुणी सांगितलंही नव्हतं.

दारात सर उभे होते. "काय झालं? झटकून घे. पाहुणे दुसरे आहेत, त्यांना काय कळतंय."

मी झटकलं. घडी केली. काखेत मारलं आणि शाळा सुटल्यावर घरी नेलं.

दादा रानात मेंढरांभोवती जाळी ठोकत होते. मी घोंगडं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी आधी कोपरा चाचपला.

"हे तर आपलं."

"हो."

"पाव्हण्यांनी न्हेलं न्हाई?"

"नाही. स्टोअररूममध्ये पडलं होतं."

ते बराच वेळ खाल्लेल्या कडेवरून बोटं फिरवत राहिले. "आसंल," म्हणाले. "मोठी माणसं. त्यांच्या मागं लई कामं."

मग मी सगळं सांगितलं. ढाल कुणी घेतली. कोण चावतं म्हणून सगळे हसले. फोटोखाली चार नावं आहेत आणि त्यात आपलं नाही. दादा खाली बघत ऐकत होते.

"मला वाटलं तुला मान दिला त्यांनी," ते म्हणाले. एवढंच. मग जाळीचा खुंट ठोकता ठोकता, हळू आवाजात, "उद्या कोकरू घिऊन जा बाय. त्यांच्याच रानात बसलोय आपुन. परीक्षा झाली की सुटशील तू. आमाला हितंच ऱ्हायचंय."

त्यांचं काही खोटं नव्हतं. म्हणूनच मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेचा गणवेश घातला. दोन वेण्या, लाल रिबिनी. हात मोकळे. सर गेटवरच होते, पाहुण्यांची गाडी यायची होती.

"कोकरू कुठाय?"

"आईला पितंय."

"आणि घोंगडं?"

"दादांच्या अंगावर आहे. त्यांचंच आहे ते."

"मग तू कशाला आलीस?"

"बक्षीस घ्यायला. नववीत पहिली आलेय."

सरांचा चेहरा लाल झाला. नाना पुढे आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लई शिकली काय गं? तुझ्या बापाला माहितीये का, काय करतीयेस ते?" मी म्हणाले, "माहिती आहे." ते खोटं होतं. मी त्यांच्या बाजूने आत जाऊन सतरंजीवर बसले. हात मोकळे होते.

पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं. भाषणं झाली. सामाजिक समतेवर एक जण इतका बोलला, की जिलेबी गार झाली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. मग बक्षिसं. आठवीची झाली. माईकवर सर. "इयत्ता नववी. द्वितीय क्रमांक..."

प्रथम क्रमांक पुकारलाच नाही. टेबलावर ढाल होती. मला बसल्या जागेवरून दिसत होती.

ऋतुजा उठली, चार पावलं गेली आणि थांबली. मी उठले. सतरंजीवर बसलेल्या पोरींच्या मधून वाट काढत गेले. स्टेजच्या तीन पायऱ्या. पाहुण्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि माईकशिवाय, जेवढा आवाज होता तेवढ्या आवाजात म्हणाले, "प्रथम क्रमांक माझा आहे." आणि नाव सांगितलं. पूर्ण. पाहुणे गोंधळले. त्यांनी सरांकडे बघितलं, मग ढालीवरचं नाव वाचलं आणि ढाल माझ्या हातात दिली. टाळ्या पडल्या नाहीत. एखाद-दुसरी पडली असेल, मला ऐकू आली नाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली धरला होता.

संध्याकाळी नानांचा माणूस रानात आला. "उद्या रान मोकळं पायजे. नांगरट करायचीये." फेब्रुवारीत कसली नांगरट? दादांनी विचारलं नाही. तो गेल्यावर माझ्याकडे वळले.

"नानांच्या पाया पड. एक शब्द बोल, चुकलं म्हण. मेंढरं वाचतील."

"नाही."

"बाय, माजं ऐक."

"नाही दादा. माझं चुकलं नाही."

त्यांनी हात उचलला. मारला नाही. त्यापेक्षा मारला असता तर बरं झालं असतं.

सकाळी उजाडता उजाडता मेंढरं उठली. हायवेच्या कडेकडेने आळेफाट्याच्या अंगाला निघाली. दादांच्या खांद्यावर तेच घोंगडं, उंदरांनी खाल्लेली बाजू बाहेर. आई मागून भांडीकुंडी लादलेलं घोडं हाकत होती. मी चुलतीकडे राहिले, दहावीसाठी. त्याच आठवड्यात उघड्या माळावर बिबट्याने दोन कोकरं नेली. त्यातलं एक पांढरं होतं. जे मी शाळेत नेलं नाही ते.

हे माझ्यामुळे झालं, असं गावात म्हणत होते. दादाही काही दिवस तसंच समजत होते, माझ्याशी बोलत नव्हते. मीही कितीतरी रात्री तसंच समजले. बक्षीस घेतलं मी आणि मेली कोकरं. नीट विचार करायला मला पूर्ण उन्हाळा लागला. रान मी मोकळं करायला सांगितलं नव्हतं. कुंपणातून मेंढरं मी हाकलली नव्हती. ज्यांनी हाकलली त्यांना कुणीच काही विचारत नव्हतं.

निकाल लागला. दाखला आणायला गेले. क्लार्क कपाटात रजिस्टर शोधत होता. त्याच्या खुर्चीच्या वर फोटो तसाच. टेबलावर मार्कर पेन पडलं होतं. मी खुर्चीवर चढले आणि काचेवर, माझ्या पायांच्या खाली, नाव लिहिलं. बापाचं, आडनावाचं.

"अगं ए, काय करतीयेस?"

"राहिलं होतं," मी म्हणाले. आणि दाखला घेतला.

पुसलं असणार त्यांनी. फडक्याने दोन मिनिटांचं काम आहे. दादांची मेंढरं अजून नानांच्या रानात बसत नाहीत, आणि आम्ही कुणाची माफी मागितलेली नाही. मी आता मंचरच्या कॉलेजात आहे. दर फेब्रुवारीत, मांडव पडला की एस.टी. धरते, शाळेच्या गेटवर जाऊन उभी राहते. सर आता मला ओळख दाखवत नाहीत. तरी मी विचारते, सगळ्या पालकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

"यंदा कोकरू कुणाच्या हातात दिलंय, सर? तिचं नाव काय?"