अक्काच्या वहीतलं दुसरं अक्षर

आधीच सांगतो, मी शंकेखोर माणूस आहे. जन्माने ख्रिस्ती, पण चर्चमध्ये नाताळला तेवढा जाणारा. दीपनगरच्या वीज केंद्रात मीटर तपासायचं काम करतो. काटा हलला तर कारण असणारच, असं मानणारा. चर्चमध्ये कुणी देवाच्या अनुभवाची साक्ष देऊ लागलं, चमत्कार वगैरे ऐकलं की मी चहा प्यायला उठतो.

माझी थोरली बहीण सुशीला अक्का अमळनेरला राहते. भाऊजी शाळामास्तर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला... उजवं अंग गेलं, वाचा गेली. मूलबाळ नाही. अक्का रोज सकाळी त्यांच्या खाटेशी बसून प्रार्थना करायची आणि वहीत तारीख घालून एक ओळ लिहायची. मागणं एकच — यांनी एकदा तरी बोलावं.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "सुधा, मी चार दिवस प्रार्थनाच केली नाही रे. तोंडातून शब्द निघेना. आज वही उघडली तर चारही दिवसांच्या ओळी लिहिलेल्या आहेत."

"कोणी लिहिल्या?"

"तेच तर कळत नाही."

मला पहिली शंका आली ती अशी, की एकट्या बाईला कोणीतरी नादी लावतंय. रविवारची पॅसेंजर पकडून अमळनेर गाठलं. वही पाहिली. अक्काचं अक्षर निळ्या पेनाचं, तिरपं. या चार ओळी पेन्सिलीने, सरळ, ठळक. चारही सारख्याच — "आज सुशीलेला मागता आलं नाही. तिच्यासाठी मी मागतो. आमेन."

'मागतो.' म्हणजे पुरुष.

चर्चच्या पाळकांना विचारलं, ते महिनाभर घरी आले नव्हते. समोरचे नाना दिवसभर ओट्यावर बसलेले असतात, त्यांना गाठलं. ते म्हणाले, "तुनी अक्काना घर कोनी येस नही, भाऊ. मी बठ्ठा दिन आठेच बठेल ऱ्हास."

मग शंका भाऊजींवर. अक्का भाजी आणायला गेल्यावर मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, पुढे वही धरली. "लिहा बरं काहीतरी." दोन वर्षं खाटेवर पडून त्या हातातही जोर उरला नव्हता, बोटं वळेनात. पेन्सिल दोनदा पडली. तिसऱ्यांदा मी ती हातात कोंबत होतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दारात अक्का उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"झाली परीक्षा घेऊन?" एवढंच म्हणाली.

आता उरली अक्का स्वतः. दुःखात माणूस स्वतःच्या नकळत काहीही करतो. खरं-खोटं करायला वही मीच मागून घेतली आणि प्लांटमधल्या माझ्या लॉकरमध्ये ठेवली. किल्ली एकच, ती माझ्या करदोड्याला. वहीबद्दल तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अक्काचा फोन. "यांना श्वास घेता येत नाहीये. धुळ्याला घेऊन चाललोय." मी कॅन्टीनमागच्या बाकावर जाऊन बसलो. डोळे मिटले, "देवबापा" म्हटलं... आणि पुढे काहीच येईना. कितीतरी वर्षांत सवयच नव्हती. पाचेक मिनिटं तसाच बसलो आणि उठलो. हे कुणीही पाहिलं नाही, मी कुणाला बोललोही नाही.

रजा टाकली. अक्काला वही लागेल म्हणून लॉकर उघडला. शेवटचं लिहिलेलं पान काढलं. तारीख त्याच दिवशीची. पेन्सिल. तेच सरळ अक्षर.

"आज सुधाकरला मागता आलं नाही. त्याच्यासाठी मी मागतो. आमेन."

मी लॉकरची मागची बाजू ठोकून पाहिली. बिजागऱ्या तपासल्या. दुसऱ्या किल्लीची चौकशी केली — ती कधी नव्हतीच. नंतर तर स्वतःवरही संशय घेतला. तीच वाक्यं पेन्सिलीने लिहून एका जाणत्या सहकाऱ्याला दोन्ही दाखवली. तो म्हणाला, "हे तुझं अक्षर नाही." कुणाचं, ते त्यालाही सांगता येईना.

धुळ्याला भाऊजी सहा दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. बोलत मात्र अजून नाहीत, ते खोटं कशाला सांगू. अक्का पुन्हा रोज बसते. मी तिला ती ओळ दाखवली, तेव्हा तिने चष्मा लावून दोनदा वाचली. "तू त्या दिवशी प्रार्थना करायला बसला होतास?" तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. तिने वही मिटली आणि भाऊजींची पेज गरम करायला उठली.

तुमच्यापैकी कुणाला काही कारण सुचलं तर जरूर कळवा, मला ते हवंच आहे. चर्चला मी अजूनही नाताळलाच जातो. पण रोज सकाळी ड्युटीवर निघण्याआधी भाऊजींसाठी दोन शब्द मागतो... न चुकता. श्रद्धा म्हणा, भीती म्हणा. मी चुकलो तर माझ्या बदली कोण मागायला येतं, हे मला माहीत नाही — आणि त्याला पुन्हा यावं लागू नये, एवढंच वाटतं.