आण्णांसोबत घोडेगावच्या बाजाराला

सावेडीतून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. पुढच्या सीटवर दोन उशा लावून आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बसवलं होतं. मागच्या सीटवर औषधांची पिशवी, पाणी आणि कपड्यांचा एक जादा जोड. त्यांचा यकृताचा कर्करोग फार पसरला होता. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता उपचार थांबवू. त्यांना हवंसं वाटेल ते करू द्या."

काय हवंय, असं विचारल्यावर आण्णांनी ना देव सांगितला ना गाव. "घोडेगावचा बाजार बघू. म्हशी बघून लई दिस झाले," एवढंच म्हणाले. जन्मभर त्यांनी शेतीसोबत म्हशी पाळल्या. आजार कळल्यावर उरलेल्या दोन विकायला लावून मीच त्यांना सावेडीतल्या माझ्या फ्लॅटवर आणलं होतं.

इमामपूरचा घाट लागला आणि त्यांचा चेहरा उतरला. गाडी बाजूला घेईपर्यंत सदऱ्यावरच ओकारी झाली. शेजारच्या रसवंतीवरच्या बाई पाणी घेऊन आल्या आणि काही न विचारता त्यांचं तोंड धुऊ लागल्या.

"आण्णा, परत फिरायचं का?"

"सदरा बदल, आन् चल. बाजार उठंल न्हाईतर."

घोडेगावात टेम्पोतून म्हशी उतरत होत्या. शेण, वैरण, धूळ सगळ्याचा मिळून एक वास येत होता. घरी भाताच्या वासानंही तोंड फिरवणाऱ्या आण्णांनी तो खोलवर ओढून घेतला. माझ्या खांद्यावर भार टाकून ते एकेका दावणीपाशी (जनावरांच्या रांगेपाशी) थांबत चालले. एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "दुसऱ्या येताची (दुसऱ्यांदा व्यालेली) हाय. गरीब हाय सभावानं."

तिच्या मालकानं, एका म्हाताऱ्या हेड्यानं (गुरांच्या व्यापाऱ्यानं), त्यांना ओळखलं. "आण्णा? किती वाळलास रं."

"आजार हाय. ह्यातनं उठत न्हाई आता मी."

महिनाभर मी त्यांच्यापासून रिपोर्ट लपवत होते.

बाजारात सौदा उपरण्याखाली बोटं धरून होतो. हेड्यानं आपलं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि आण्णांचा हात धरला. सौदा काहीच नव्हता. दोघं तसेच उभे राहिले, म्हशीकडे बघत.

नंतर टपरीवर आण्णांनी अर्धा कप चहा घेतला, भज्याचा एक तुकडा खाल्ला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय. तुला सांगायला जड जात हुतं, म्हून म्या इचारलं न्हाई."

परतताना मी गाडी मुद्दाम हळू चालवत होते. मागची वाहनं हॉर्न देऊन पुढे जात होती. बाजूला कांद्याची रानं सरकत होती. एरवी गप्प असणारे आण्णा त्यांची पहिली म्हैस कशी होती ते सांगत होते. मी हे कधीच विचारलं नव्हतं.

मध्येच गोष्ट थांबवून म्हणाले, "गाडीत काय बिघाड हाय का?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग चालू दे. अशीच दमानं चल."

त्यानंतर आण्णा तीन आठवडे होते, अंथरुणातच. हा रस्ता तासाभराचा आहे. त्या दिवशी घरी पोहोचायला आम्हाला दोन तास लागले, आणि मला ते पुरले नाहीत.