सुरमईच्या तोंडाचं इंजिन

"इंजिन पे काम किया?" गोऱ्या साहेबाने विचारलं.

"जी साहेब, चार साल."

खोटं नव्हतं ते. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात इंजिन म्हणजे भाताच्या गिरणीचं, डिझेलवरचं. पण साहेब पूर्वी विलायतेत आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता. त्याने खणातून त्या इंजिनाचा फोटो काढला. लांबलचक, गुळगुळीत, पुढून सुरमईसारखं निमुळतं. मला वाटलं, बोटच.

मला गावाहून दुबईला आणणारे मामू शेजारी उभे होते. त्यांनी कोपर मारलं. "माशाल्ला म्हण."

"माशाल्ला," मी म्हणालो. साहेब खूश.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामू, तो आगगाडीचं समजला."

"समजू दे. तू समजवायला जाऊ नको. सातवीत शाळा सोडलेल्याला दुसरं कोण घेणार? खलास, लागलास कामाला!"

एकोणीसशे साठनंतरची ती पहिली वर्षं. दुबईच्या खाडीच्या काठाला वाफेच्या यंत्राने लोखंडी खांब ठोकत होते. मी ग्रीस भरायचो. चहाच्या वेळी साहेब मला जवळ बसवून त्या इंजिनाची हकिकत सांगायचा, कारण त्याच्या मते तिथे समजणारा मी एकटाच. वारा कापावा म्हणून बॉयलरवर पत्र्याची झूल चढवली होती. स्टेशनाबाहेर माणसं नुसती बघायला उभी राहायची. मग लढाई लागली. कोळसा खराब, माणसं कमी, आणि दुरुस्तीला हात घालायचा तर झूल आड यायची. शेवटी ती उतरवली. आता तर इंजिनच मोडीत निघालं होतं.

"अंदर से क्या निकला?" मी एकदा विचारलं.

"साधा इंजिन. सब जैसा."

माझी झूल कधी उतरेल, एवढंच मनात.

एके दिवशी बॉयलर सांभाळणारा बलुची तापाने पडला. साहेब म्हणाला, "यल्ला, चलो, तू संभाल. तू तो रेल्वे का आदमी."

तासभर झाला. बॉयलरच्या अंगाला काचेची उभी नळी होती, पाणी किती ते दाखवणारी. सकाळी तिच्यात पाण्याची रेघ दिसत होती. आता नव्हती. नळी काठोकाठ भरली की कोरडी पडली? दोन्ही सारखंच दिसतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पाण्याचा व्हॉल्व्ह हाताशी होता. पण आटलेल्या तापल्या बॉयलरात पाणी सोडलं तर तो फुटतो, एवढं साहेबाच्या हकिकतींतून डोक्यात राहिलं होतं. खाली खांबापाशी आमचे सहा जण उभे होते.

मी पळत साहेबाकडे गेलो. "साहेब, मैं रेल्वे का आदमी नहीं. चावल की गिरनी का इंजिन था. काच में कुछ समझता नहीं."

तो धावला. आधी बॉयलरखाली जळणारं तेल बंद करून आग विझवली, मग नळीखालची तोटी उघडली. नुसती वाफ आली, फुसकन. म्हणजे नळी कोरडीच होती.

"पानी डाला?"

"नहीं साहेब. डर गया."

तो खोक्यावर बसला. मी बोटीचा, परतीचा विचार करत उभा.

"चावल का इंजिन," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "बैठ. कागज ला. पहले काच सीख."

त्याचे उपकार मी विसरलो नाही. पण पुढे कित्येक महिने दर पाच मिनिटांनी मी ती तोटी उघडायचो. त्या गिरणीवरून माझं नावच भात पडलं होतं; खालून आमचे लोक ओरडायचे, "अरे भाता, पाणी आहे रे अजून!" ओरडू देत. मी पुन्हा उघडायचो.