मॅडमनी दारातच थांबवलेली बॅच

परतूरच्या महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवायला रुजू झालो, त्या सकाळी विभागप्रमुख प्रज्ञा साळवे मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "संगणकावर विश्वास आहे का तुमचा?" मी उत्साहाने हो म्हणालो. "मंग अवघड हाय," असे म्हणून त्यांनी चहा मागवला. मॅडम आता साठ वर्षांच्या होत आहेत. प्रयोगशाळेला कुलूप लावून फाटकापर्यंत गेल्यावर परत येऊन ते ओढून पाहण्याची त्यांची सवय मात्र गेलेली नाही. आम्ही त्यावरून चिडवतो, त्याही हसतात.

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मॅडमनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. विद्यार्थ्याने आपल्या फोल्डरमध्ये उत्तराची फाइल ठेवली, की ऑपरेटिंग सिस्टीम तशी वर्दी देई आणि प्रोग्राम त्या फाइलची प्रत परीक्षकांच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवी. एका परीक्षेत वेळ संपता संपता पर्यवेक्षकांनी "आता सगळ्यांनी सेव्ह करा" असे पुकारले. सगळ्यांनी एकदमच केले. घनसावंगीहून येणाऱ्या एका मुलीची फाइल परीक्षकांना मिळालीच नाही.

"सर, म्या सेव्ह केल्ती, बराबर केल्ती," ती रडकुंडीला येऊन सांगत होती. बाहेरून आलेले परीक्षक शून्य गुण देण्याच्या बेतात होते. दुसरी बॅच दारात उभी होती, आणि नवी बॅच बसवण्याआधी सगळे फोल्डर पुसून टाकण्याची आमची पद्धत.

मॅडमनी बॅच दारातच थांबवली. "पोरगी खोटं बोलून राह्यली, असं कशावरून? माझाच प्रोग्राम चुकला असंल." एकदम फार वर्द्या आल्या की त्यांची रांग भरते आणि नंतर येणाऱ्या गळून जातात, हे त्यांनी परीक्षकांना शांतपणे समजावले. मग एकेक फोल्डर स्वतः उघडला. मुलीची फाइल तिच्या फोल्डरमध्येच होती. परीक्षक उठले, मॅडम उठल्या नाहीत. "बोलली तिची सापडली. जो बोललाच न्हाई, त्याचं काय?" राजूरच्या एका मुलाची फाइलही तशीच राहिली होती. परीक्षकांनी त्याला गैरहजर धरले होते आणि तो केव्हाच गावी निघून गेला होता. त्याला हे आजही ठाऊक नसेल.

आता वर्दी हुकल्याची शंका येताच तो प्रोग्राम सगळे फोल्डर पहिल्यापासून तपासतो. 'मला कळलं नाही' असे कबूल करणारे प्रोग्राम मॅडमना आवडतात, माणसेही तशीच आवडतात. मी कुणाला न कळवता तापाने पडून होतो, तेव्हा डबा घेऊन मॅडमच माझ्या दारात उभ्या राहिल्या.

मॅडम, आपणांस भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. हे आम्ही आमच्या स्वार्थासाठी मागत आहोत. आमच्यातल्या कितीतरी जणांना स्वतःची अडचण अजून सांगताच येत नाही.